गृहकर्जदाराची गंगाजळी

दहिसरमधल्या एखाद्या नोकरदार कुटुंबाला तुमची पुंजी किती, असं विचारलं तर पहिलं उत्तर घराचं येतं. आनंदनगरचा वन बीएचके, कांदरपाड्याचा टू बीएचके, रावळपाड्यातली आईवडिलांची जुनी खोली. प्रत्येकाचा आजचा भाव तोंडपाठ असतो, मेट्रो सुरू झाल्यापासून तर जास्तच. हाताशी रोख किती आहे, हे मात्र मोबाइलमध्ये बघून सांगावं लागतं. गृहकर्ज डोक्यावर असलेल्या घरात हा क्रम उलटा हवा. हप्त्याच्या तारखेला बँक फ्लॅटचा भाव विचारत नाही. खात्यात हप्त्यापुरते पैसे आहेत का, एवढंच बघते. नव्वद लाखांच्या फ्लॅटच्या मालकाचा चाळीस हजारांचा हप्ताही परत जाऊ शकतो. तो परत गेला की फ्लॅटचा भाव कामाला येत नाही, कारण बेडरूमचा कोपरा विकून हप्ता भरता येत नाही.

म्हणून माझं सांगणं असं आहे की, कर्ज लवकर फेडण्याच्या मागे लागण्याआधी काही महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च वेगळा काढून ठेवा. ही गंगाजळी पूर्ण झाली की मगच जादा पैसे कर्जात भरा. आपल्याकडे नेमकं याच्या उलट चालतं. बोनस आला, एलआयसीची पॉलिसी पिकली, गावाकडच्या जमिनीचा वाटा मिळाला, की सगळे पैसे उचलून बँकेत पार्ट पेमेंट करून टाकायचे. डोक्यावरचं ओझं उतरल्याचं समाधान खरं असतं, पण घर त्या दिवसापासून पूर्वीपेक्षा जास्त उघड्यावर पडलेलं असतं.

अमेरिकेत जेपी मॉर्गन चेस बँकेच्या संशोधन संस्थेने २०१९ मध्ये गृहकर्जदारांच्या खात्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचा घरातला स्वतःचा वाटा मोठा होता, पण खात्यात शिल्लक जेमतेम होती. काहींचा वाटा लहान होता, पण हाताशी रोख होती. हप्ते थकण्याचं प्रमाण पहिल्या गटात बरंच जास्त निघालं. हप्ता थकण्याआधी दिसणारी खूण म्हणजे खात्यातली रोख आटणं, आणि ती कमी पगाराच्या घरांत दिसली तशी चांगल्या पगाराच्या घरांतही दिसली.

आपल्याला हे पाहायला अमेरिकेत जायची गरज नाही. मुंबईने २०१९-२० या एका वर्षात ते तीनदा पाहिलं. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजने उड्डाणं थांबवली. कंपनीचं मुख्यालय अंधेरीत होतं आणि पगार त्याआधीपासूनच रखडलेले होते. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध घातले. ठेवीदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती, आणि ही मर्यादा टप्प्याटप्प्याने एक लाखावर जायला जून २०२० उजाडला. तोवर मार्चची टाळेबंदी येऊन गेलेली होती. पहिल्या वेळी पगार थांबला. दुसऱ्या वेळी साठवलेला पैसा अडकला. तिसऱ्या वेळी शहरच बंद पडलं. कर्जाचा हप्ता या तिन्ही वेळी चालूच होता.

टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, आधी मार्च ते मे आणि नंतर ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत. पुष्कळांनी ती सवलत घेतली. व्याज मात्र थांबलं नव्हतं, ते मुद्दलाला जाऊन मिळत होतं. समजा ५० लाखांचं कर्ज नुकतंच घेतलेलं आहे, व्याज साडेआठ टक्के आणि मुदत २० वर्षं. हप्ता बसतो ४३,३९१ रुपये. सहा महिने काहीच भरलं नाही तर दोन लाखांहून अधिक व्याज मुद्दलावर चढतं. पुढे हप्ता तेवढाच ठेवला तर २४० ऐवजी जवळपास २७० हप्ते भरावे लागतात. सहा हप्ते चुकवले, तीस वाढले. व्याजावरचं व्याज सरकारने नंतर दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांना परत केलं, पण त्याने या हिशोबात फारसा फरक पडत नाही. ज्यांच्याकडे सहा महिन्यांची गंगाजळी होती त्यांना ही सवलत घ्यावीच लागली नाही. बचत खात्यात तीन टक्क्यांनी पडून राहिलेल्या पैशाची खरी कमाई अशा वेळी कळते.

आता किती ठेवायचं ते पाहू. पगाराच्या इतके पट, हप्त्याच्या तितके पट, असे ठोकताळे सांगितले जातात. मी ते बाजूला ठेवायला सांगेन. रविवारी सकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून एका कागदावर तो खर्च लिहावा जो पगार आला नाही तरी टळत नाही. एक नमुना घेऊ. गृहकर्जाचा हप्ता ४०,००० रुपये. सोसायटीचं मेंटेनन्स ५,०००. किराणा, दूध, भाजी, १८,०००. वीज, पाइप गॅस, फोन मिळून ५,०००. शाळेची फी वर्षाची असली तरी महिन्याला वाटून ७,०००. आईवडिलांची औषधं ४,०००. लोकल-मेट्रोचा पास आणि रिक्षा ४,०००. विम्याचे हप्ते, तेही महिन्याला वाटून, ४,०००. बेरीज ८७,००० होते. हॉटेल, सहली, नवा मोबाइल, यांतलं काही त्यात धरलेलं नाही. हा त्या घराचा टळत नसलेला आकडा. तीन महिन्यांचे झाले २,६१,००० आणि सहा महिन्यांचे ५,२२,०००.

आकडा पाहून छातीत धस्स होतं, हे मला माहीत आहे. पण दोन कमावती माणसं असलेल्या घराने एक पायरी पुढे जाऊन मोजावं. एक पगार ७२,००० आणि दुसरा ४८,००० असेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद होण्याची शक्यता कमी. लहान पगार थांबला तर महिन्याला १५,००० ची खोट येते, मोठा थांबला तर ३९,००० ची. म्हणजे तीन महिन्यांची, २,६१,००० ची गंगाजळी मोठा पगार थांबल्यावरही साडेसहा महिने पुरते. हे कागदावर दिसलं की काम आवाक्यातलं वाटू लागतं. मात्र नवराबायको एकाच कंपनीत किंवा एकाच धंद्यात असतील, दोघंही आयटीत, दोघंही विमान कंपनीत, तर ते दोन पगार हिशोबापुरते एकच धरा. एकाच पगारावर चालणाऱ्या घराने सहा महिन्यांचं लक्ष्य ठेवावं. रिक्षा, केटरिंग, क्लासेस, छोटं दुकान अशी चढउताराची कमाई असेल तर नऊ महिन्यांचं.

या बेरजेत काय धरायचं नाही, तेही महत्त्वाचं आहे. पीपीएफ धरू नका, तो हवा तेव्हा हवा तेवढा निघत नाही. पीएफ धरू नका, नोकरी गेल्यावर तो हातात पडायला वेळ लागतो आणि तो म्हातारपणाचा आहे. कर वाचवण्यासाठी केलेली पाच वर्षांची मुदत ठेव मोडताच येत नाही. शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंड विकता येतात, पण नोकऱ्या जातात तेव्हा बाजारही बहुधा पडलेला असतो. मार्च २०२० मध्ये नेमकं हेच झालं. भिशीचा नंबर अजून लागायचा असेल तर तोही पैसा हाताशी नाही. क्रेडिट कार्डाची मर्यादा ही तर गंगाजळीच नव्हे. तिच्यावर थकलेल्या रकमेला बहुतेक कार्डांवर वर्षाला ३६ टक्के आणि त्याहूनही जास्त व्याज लागतं. घरातलं सोनं मात्र दुसरी फळी म्हणून मोजा. ते विकायचं नाही, पण बँकेत तारण ठेवून बहुधा त्याच दिवशी पैसे उभे राहतात. फक्त त्या कर्जाची परतफेड कुठून होणार हे आधी ठरलेलं हवं.

मुदतीआधी कर्ज फेडण्याचा मोह इतका जोरदार का असतो, तेही समजून घ्यावं लागेल, कारण त्यामागचं गणित खोटं नाही. वरच्याच कर्जाचा पहिला हप्ता उलगडून पाहा. ४३,३९१ पैकी ३५,४१७ रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटतं फक्त ७,९७४ रुपयांचं. बँकेचं हे विवरण पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो. सुरुवातीलाच तीन लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला तर शेवटचे सुमारे ३३ हप्ते कमी होतात, म्हणजे चौदा लाखांहून अधिक भरणा वाचतो. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंडही बँकेला लावता येत नाही. मग सगळा पैसा तिकडेच का वळवू नये?

कारण साध्या गृहकर्ज खात्यात भरलेला पैसा परत निघत नाही. तीन लाख मुद्दलात गेले, मुदत शेवटाकडून कमी झाली, पण पुढच्या महिन्याचा हप्ता तेवढाच आणि त्याच तारखेला. आज तीन लाख भरलेत म्हणून बँक पुढचे सात हप्ते माफ करत नाही, ते आगाऊ भरल्याचंही धरत नाही. दोन महिन्यांनी नोकरी गेली तर त्या तीन लाखांचा उपयोग वीस वर्षांनंतरच्या तुम्हाला होणार. आजच्या तुम्हाला पर्सनल लोनच्या दारात उभं राहावं लागणार, तेही पगाराची स्लिप हातात नसताना. यावर उपाय म्हणून पार्ट पेमेंट करताना मुदत कमी करण्याऐवजी हप्ता कमी करून मागता येतो. व्याज थोडं जास्त जातं, पण महिन्याचा भार हलका होतो. ज्यांची नोकरी डळमळीत आहे त्यांनी हा पर्याय निवडावा, असं माझं मत आहे.

याहून चांगली सोय म्हणजे ओव्हरड्राफ्टच्या धर्तीचं गृहकर्ज. स्टेट बँकेचं मॅक्सगेन, बँक ऑफ बडोदाचं होम लोन अॅडव्हान्टेज ही त्यांतली ओळखीची नावं, इतर काही बँकांकडेही असं कर्ज मिळतं. त्यात कर्जाला जोडलेल्या खात्यात तुम्ही जादा पैसे ठेवता, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली की तेच पैसे काढता येतात. ऑस्ट्रेलियात अशी खाती इतकी रुळली आहेत की तिथली मध्यवर्ती बँक कर्जदारांची त्यांतली शिल्लक किती आहे यावर लक्ष ठेवते. दर झपाट्याने वाढवताना तिथल्या कुटुंबांना ते कितपत पेलेल, हे ती त्यावरूनही जोखते. आपल्याकडे अशा कर्जाचा दर साध्यापेक्षा बहुधा थोडा जास्त असतो. त्यामुळे खात्यात नेहमी काही लाख पडून राहणार असतील तरच ते परवडतं. पैसे काढायची मर्यादाही दर महिन्याला थोडी थोडी उतरत जाते, ती तपासत राहा. आणि हे खातं फक्त अडीअडचणीसाठी वापरायची शिस्त घरात नसेल तर साधं कर्ज आणि वेगळी मुदत ठेव हेच बरं.

करसवलतीमुळे कर्ज राहू द्यावं, असा सल्ला अजूनही कानावर येतो. नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या गृहकर्जावरच्या व्याजाची वजावट मिळत नाही. तुम्ही नव्या प्रणालीत असाल तर हा मुद्दा निकाली निघाला.

व्याजदर हलतो तेव्हा काय होतं, हे २०२२ मध्ये ज्यांनी कर्ज घेतलं त्यांना विचारा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली फ्लोटिंग गृहकर्जं बाह्य दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, जोडलेली आहेत, म्हणून ही अडीच टक्क्यांची वाढ थेट कर्जदारावर आली. सात टक्क्यांनी घेतलेल्या ५० लाखांच्या नव्या कर्जाचा हप्ता होता ३८,७६५. साडेनऊ टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याजच होतं सुमारे ३९,५००. हप्ता तोच ठेवला तर व्याजसुद्धा पुरतं भरलं जात नाही, मुद्दल कमी होण्याऐवजी वाढतं. हप्ता वाढवायचा तर तो ४६,६०७ वर जातो, म्हणजे महिन्याला जवळपास ७,८०० जादा. बँका न विचारता मुदत लांबवतात अशी ओरड झाल्यावर रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढलं. दर बदलताना हप्ता आणि मुदत यांवर काय परिणाम होईल ते कर्जदाराला कळवायचं, हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय त्याला द्यायचा, आणि दर तिमाहीला मुद्दल-व्याजाचं सोपं विवरण द्यायचं. हे विवरण मागून घ्या. किती हप्ते उरले आहेत, तो आकडा वर्षातून एकदा तरी वाचा.

२०२५ मध्ये वारं उलट फिरलं. फेब्रुवारीपासून चार वेळा कपात होऊन डिसेंबरमध्ये रेपो दर ५.२५ टक्के झाला. गंगाजळी उभारायची याहून सोपी वेळ क्वचित येते. दर उतरला की पुष्कळ बँका हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात. ज्यांची गंगाजळी भरलेली आहे त्यांच्यासाठी ते चांगलंच आहे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी बँकेत जाऊन हप्ता कमी करून घ्यावा. पावणेनऊवरून साडेसातवर आलेल्या ५० लाखांच्या, २० वर्षांच्या कर्जाच्या हप्त्यात ढोबळमानाने ३,९०० रुपयांचा फरक पडतो. तेवढ्याच रकमेची आवर्ती ठेव त्याच दिवशी सुरू करा. वर्षाला पंचेचाळीस हजारांच्या वर साठतात आणि घरखर्चाला धक्काही लागत नाही, कारण ते पैसे आतापर्यंत हप्त्यात जातच होते. तुमचं कर्ज गृहवित्त कंपनीचं किंवा जुन्या एमसीएलआर पद्धतीचं असेल तर दर आपोआप उतरला नसेल. थोडं शुल्क भरून दर बदलून मिळतो का, याची चौकशी करा.

पैसे ठेवायचे कुठे? माझा आग्रह दोन बँकांचा आहे. पगार आणि हप्त्याचं खातं एका बँकेत, गंगाजळी दुसऱ्या. एक तर पगाराच्या खात्यात पडलेला पैसा खर्चून जातो. दुसरं म्हणजे हप्ता थकला तर कर्ज देणारी बँक तुमच्या त्याच बँकेतल्या शिल्लक रकमेतून वसुली करू शकते, आणि त्या महिन्यात आधी आईचं औषध आणायचं की हप्ता भरायचा, हे ठरवायची मुभा तुमच्याकडे हवी. एका महिन्याचा खर्च बचत खात्यात, दोन-तीन महिन्यांचा मुदत ठेवीत, उरलेला लिक्विड फंडात, अशी ढोबळ वाटणी पुरते. मुदत ठेव एकच मोठी करू नका. पन्नास-पन्नास हजारांच्या चार-पाच केल्यात तर लागेल तेवढीच मोडता येते, बाकीचं व्याज शाबूत राहतं. लिक्विड फंडाचे पैसे साधारण कामाच्या पुढच्या दिवशी खात्यात येतात. दोन टक्के जास्त मिळतात म्हणून गंगाजळी इतर कर्जरोखे फंडांत हलवू नका. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने अशा सहा योजना गुंडाळल्या आणि ऐन टाळेबंदीत लोकांचे पैसे अडकले.

सहकारी बँकांबद्दल दहिसर-बोरिवलीत जिव्हाळा आहे, आणि तो अस्थानी नाही. ओळखीचा मॅनेजर असतो, ज्येष्ठांना बसायला खुर्ची देतात, अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं. पण पीएमसीनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचे ठेवीदारही शाखांबाहेर रांगेत उभे राहिले. ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली, पण हप्ता काही ऑगस्टपर्यंत थांबत नाही. ठेव विम्याचं संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा आणि व्याज धरून, पाच लाखांचं आहे, आणि निर्बंध लागल्यावर ते पैसे मिळायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणून सगळी गंगाजळी एकाच बँकेत नको. पतपेढीतल्या ठेवीला तर हा विमा लागूच नाही. तिथे भागभांडवल आणि थोडी ठेव जरूर असू द्या, तीन महिन्यांचे हप्ते मात्र नकोत.

ज्यांनी अजून घर घेतलेलं नाही, टोकन द्यायच्या बेतात आहेत, त्यांनी पुढचा भाग सावकाश वाचावा, कारण बहुतेक घरांची गंगाजळी इथेच संपते. समजा फ्लॅट ७५ लाखांचा आहे. तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या कर्जासाठी बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, म्हणजे ६० लाख. तुमचे १५ लाख. मुंबईत मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभार धरून सहा टक्के, साडेचार लाख. घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सूट. नोंदणीचे ३०,०००. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बहुतेक घरांना पाच टक्के जीएसटी, पावणेचार लाख. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च कर्जासाठी घराच्या किमतीत धरत नाहीत. अशा रीतीने स्वतःच्या खिशातले २३ लाखांच्या पुढे जातात. त्यावर दलाली, सोसायटीचं डिपॉझिट, किचनची ट्रॉली, पंखे, पडदे, वास्तुशांत. ताबा घेईपर्यंत खातं कोरडं होतं आणि पहिला हप्ता तोंडावर असतो. ट्रॉल्या आणि फर्निचरसाठी पर्सनल लोन घ्यायला एजंट सुचवतो, तेव्हा सरळ नाही म्हणा. तीन महिन्यांचा टळत नसलेला खर्च आधी वेगळ्या मुदत ठेवीत टाका, मग उरलेल्या पैशात कुठला फ्लॅट बसतो ते बघा. त्यासाठी दहिसरऐवजी मीरारोड बघावं लागलं किंवा दोन वर्षं थांबावं लागलं तरी चालेल. बांधकाम चालू असलेल्या घरात भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम भरावे लागतात. ताबा लांबला तर काय, हे धरून गंगाजळी दुप्पट हवी. इमारतीची नोंदणी आणि ताब्याची तारीख महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा.

पुनर्विकासाचा प्रश्न दहिसरला आज घरोघरी आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गिरगाव-परळ सोडून आलेल्यांनी घेतलेल्या चार मजली इमारती आता एकेक करून पाडल्या जात आहेत. तुमच्या जुन्या फ्लॅटवर कर्ज चालू असेल तर बँकेचं ना हरकत पत्र लागेल, ते विकासकाशी करार करण्याआधीच मागा. घर पाडलं तरी हप्ता थांबत नाही. विकासक देतो ते भाडं तुमच्या नव्या भाड्याच्या घरात जातं. ते दोन-तीन महिने उशिरा आलं तर घरमालक थांबणार नाही आणि बँकही नाही. म्हणून कर्ज असलेल्या सभासदाने घर रिकामं करण्याआधी नेहमीच्या गंगाजळीवर निदान चार महिन्यांचं भाडं वेगळं ठेवावं. सुरुवातीला एकरकमी मिळणारे कॉर्पसचे आणि सामान हलवण्याचे पैसे त्यासाठीच राखा. जादा कार्पेट एरिया विकत घेण्यासाठी त्याच पैशाला हात घालणारी घरं पाहिली की माझा जीव कासावीस होतो. साठीला आलेल्या माणसाने शंभर फुटांसाठी नवं कर्ज काढू नये, मुलाने कितीही आग्रह केला तरी.

एवढं करूनही पैसे संपत आले तर? दोन महिन्यांचा खर्च शिल्लक असतानाच बँकेत जा. मुदत वाढवून हप्ता कमी करून घेणं हे एकही हप्ता न थकलेल्या कर्जदाराला सोपं जातं, नंतर अवघड होत जातं. हप्ता थकला की खात्यावर पहिल्या दिवसापासून खूण पडते. ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादित ठरतं, आणि मग एक-दोन हप्ते भरून ते सुधारत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. पुढे २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते. ती आली तर घरात लपवून ठेवू नका. लेखी हरकत घ्या, बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई सुरू झाली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. बँक तक्रारीला तीस दिवसांत उत्तर देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. ॲपवरून झटपट कर्ज घेऊन हप्ता भरण्याचा मार्ग मात्र पूर्ण बंद ठेवा. त्याने एक महिना निभतो आणि पुढचे सहा बिघडतात.

शेवटचं काम अर्ध्या तासाचं आहे आणि बहुतेक घरांत राहून गेलेलं असतं. गंगाजळीचं खातं आणि त्या मुदत ठेवी कोणाच्या नावावर आहेत ते पाहा. कर्ज नवऱ्याच्या नावावर, पगार त्याचा, ठेवीही त्याच्या एकट्याच्या, असं असेल तर तो रुग्णालयात असताना किंवा त्याचं बरंवाईट झाल्यावर घरच्यांना त्या पैशाला हात लावता येत नाही, आणि तो पैसा तर नेमका त्याच दिवसासाठी ठेवलेला असतो. खातं दोघांच्या नावावर करा. दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकेल, असा ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’चा पर्याय फॉर्मवर निवडा. मुदत ठेव मुदतीआधी मोडायचा अधिकार मागे राहिलेल्यालाही असावा, असं त्याच वेळी लेखी द्या, नुसत्या ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’वर ती अनेकदा मोडून मिळत नाही. नामनिर्देशन भरलेलं आहे का ते तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येतं. खाते क्रमांक, शाखा, ठेवींच्या तारखा, विम्याची पॉलिसी आणि गृहकर्जाचा क्रमांक एका कागदावर लिहून तो कागद कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगून ठेवा.